तिसऱ्या हाकेला ओ

सबीहाला इंग्रजी शिकायचं होतं ते नोकरीसाठी नव्हे, आणि पुढच्या वर्षी फुटबॉल बघायला जगभरातून जे लोक येणार होते त्यांच्यासाठी तर मुळीच नव्हे. तिला स्वतःच्या पोटच्या पोरीशी बोलायचं होतं.

हसू नका. दोहात अशी घरं पैशाला पासरी आहेत. आई कोकणीत विचारते, बाप कोकणीत रागावतो आणि पोर इंग्रजीत उत्तर देऊन मोकळी होते. जन्नत अकरा वर्षांची. आईचा शब्दन्‌शब्द तिला कळायचा, पण उत्तर यायचं ते भरधाव इंग्रजीत, कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखं. सबीहाला त्यातलं निम्मं समजायचं. उरलेल्या निम्म्यात पोर काय म्हणाली असेल, या विचारात तिची दुपार जायची.

एवढ्यानंही बिघडलं नसतं. बिघडलं ते शाळेच्या ऑनलाइन पालकसभेत. बाईंनी सबीहाला विचारलं, मुलगी घरी वाचते का? सबीहानं धीर करून सांगितलं, "शी रीड फुल डे, मॅडम. बट नॉट टॉक विथ मी." स्क्रीनवरच्या चौकोनांत दोनचार आया हसल्या. वाईट हसल्या असंही नाही, पण हसल्या. शेजारी बसलेल्या जन्नतनं हात लांब केला आणि आईचा माईक बंद केला. पुढची सगळी सभा सबीहा पदर सावरत नुसती मान हलवत राहिली. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग तोंड धुऊन तिनं बांगड्याचं सालन केलं. जन्नतनं मासे बाजूला सारून नुसता भात खाल्ला.

खालच्या मजल्यावर शैलजाताई राहायच्या. नाशिकच्या, व्यवस्थित, घड्याळाच्या काट्यावर जगणाऱ्या. त्यांचे यजमान गॅसच्या कंपनीत इंजिनियर, आणि कंपनीनं घरच्यांना भाषा शिकायचं सॉफ्टवेअर फुकट दिलेलं. शैलजाताई त्यावर अरबी शिकत होत्या. सबीहाची हकिगत ऐकली आणि त्या पेनड्राइव्ह घेऊन वर आल्या. हॉलच्या कोपऱ्यात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला कॉम्प्युटर धूळ खात होता, कारण जन्नतला आता टॅब मिळाला होता. शैलजाताईंनी त्यात सॉफ्टवेअर घालून दिलं, स्पीकर जोडले आणि म्हणाल्या, "रोज एक धडा. उड्या मारायच्या नाहीत."

दोघींची शिकायची तऱ्हा बघायला मजा यायची. शैलजाताई पहिल्या धड्याचं हिरवं टिकमार्क मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. सबीहा बाजारात गेल्यासारखी हिंडायची. हे बटण कसलं, हे चित्र दाबलं तर काय होतं, हा बंद दरवाजा कशाचा. धडे राहिले बाजूला, पण आठवडाभरात तिला त्या सॉफ्टवेअरचे असे कानेकोपरे माहीत झाले की शैलजाताई वर येऊन तिलाच विचारायच्या.

असंच हिंडताना तिला ते सापडलं. सेटिंगच्या आत एक पान, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं: बोलायला जोडीदार हवा? सॉफ्टवेअरमधला गोरा माणूस किंवा गोरी बाई नको असेल, तर घरच्या कुणाचा आवाज द्या. समोर येणारी वाक्यं त्यांनी वाचायची, की सॉफ्टवेअर त्यांच्या आवाजात तुमच्याशी बोलणार.

जन्नत एक थंड ज्यूस आणि चिप्सच्या पुड्यावर तयार झाली. पाय खुर्चीवर घेऊन, जांभया देत, तिनं ती सगळी इंग्रजी वाक्यं वाचून टाकली. जोडीदाराचं नाव काय ठेवायचं, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. सबीहानं लिहिलं, जन्नत. जोडीदारानं तुम्हाला काय हाक मारायची? सबीहानं लिहिलं, अम्मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैलजाताई मुद्दाम बघायला आल्या. सबीहानं बटण दाबलं. स्पीकरमधून जन्नतचा आवाज आला, थेट तिचाच, फक्त जांभई वगळून.

"अम्मी?"

सबीहा गप्प. डोळे स्क्रीनवर, हात मांडीवर.

"अम्मी?" पुन्हा आवाज आला.

सबीहा तशीच. स्क्रीनवर लिहून आलं की समोर कुणी नाही, आणि धडा मिटला.

"अगं, बोल ना!" शैलजाताई म्हणाल्या. "तुझ्या तोंडात काय गुळणी आहे?"

"तिसरी हाक नाही आली, ताई."

मग सबीहानं सांगितलं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचं तिचं गाव. तिथं कुणी पहिल्या हाकेला ओ देत नाही, दुसरीलाही नाही. खाडीत जे असतं ते भर दुपारी, माणसं जेवून लवंडली की, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं. पण त्याचा दम दोन हाकांचा. तिसरी हाक मारायला छातीत श्वास लागतो आणि तो फक्त जित्या माणसाकडे असतो. म्हणून तिसरी हाक आली की मग ओ द्यायची. सबीहाच्या फूफीनं, म्हणजे आत्यानं, पोरांना हे कान पिळून शिकवलं होतं. जित्या माणसांना त्या गावात तीनदा हाक मारायची सवयच होती, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

"इथं कुठली गं खाडी?" शैलजाताई हसून म्हणाल्या. "इथं विमानतळ आहे."

"मना माहीत आहे, ताई. पन जीभच उचलत नाही."

घरात यावरून नेहमी खटके उडत. जन्नतचा स्वभाव दोन हाकांचा. आईनं ओ दिली नाही की ती पाय आपटत समोर येऊन उभी राहायची. "अम्मी, यू आर सो वीअर्ड! यू कॅन हिअर मी!" सबीहाला पटायचं की पोरीचं बरोबर आहे. तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच व्हायचं. काही सवयी हाडात शिरलेल्या असतात.

चारपाच दिवस सॉफ्टवेअर असंच दोन हाका मारून धडा मिटत राहिलं. मग एके दुपारी हाक आली, दुसरी आली आणि थोडं थांबून तिसरीही आली. "अम्मी?"

"ओ!" सबीहा आनंदानं ओरडली.

शैलजाताईंना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. ही सॉफ्टवेअरं शिकणाऱ्याची चाल ओळखतात, त्या म्हणाल्या, तू तिसऱ्या वेळेची वाट बघतेस हे त्याला कळलं. सबीहालाही ते पटलं. तिच्या मनात फक्त एवढंच आलं की यंत्राला जे दोन आठवड्यांत कळलं, ते आपल्या पोरीला अकरा वर्षांत कळलं नाही.

सुट्ट्या लागल्या. एरवी त्या दिवसांत अर्धी इमारत गावी गेलेली असायची, पण त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे सबीहाच्या नवऱ्यानं, मुदस्सिरनं, तिकिटं काढलीच नाहीत. तो हमद पोर्टवर कंटेनरांच्या नोंदी ठेवायचा, पहाटेच्या बसनं जायचा आणि परत येऊन जेवला की आडवा व्हायचा. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. सरकारी नियमानं दुपारची उघड्यावरची कामं बंद, त्यामुळे क्रेनसुद्धा माना टाकून उभ्या. खिडकीतून नवीन स्टेडियम दिसायचं, पांढरंशुभ्र, अरब पोरांच्या डोक्यावरच्या जाळीदार टोपीच्या आकाराचं. विमान डोक्यावरून गेलं की काचा थरथरायच्या आणि मग नुसता एसीचा आवाज उरायचा. जन्नत आपल्या खोलीत टॅब घेऊन दार लावून बसायची. हॉलमध्ये सबीहा आणि ती दुसरी जन्नत.

सुरुवातीला धडे व्हायचे. यू गो टू मार्केट, व्हॉट यू बाय. सबीहा अडखळायची, मग चिडून कोकणीत सांगून टाकायची की बाई, मना काय ते येत नाही, मी आपली कोलंबी घेतली आणि आले. सॉफ्टवेअर ऐकून घ्यायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचं. इंग्रजी म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. पण सबीहाला बोलायला आवडू लागलं होतं. आपल्या पोरीचा आवाज आपल्याला शांतपणे काहीतरी विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो, याचं तिला एवढं अप्रूप वाटायचं की ती धडा संपला तरी उठायची नाही.

आणि मग एके दिवशी कोलंबीचं बोलणं चाललेलं असताना स्पीकरमधून आलं, "अम्मी, आज काय रांधलंस गो?"

सबीहाच्या हातातला कप तसाच राहिला. आवाज जन्नतचा. बोली तिच्या गावची, हेल थेट खाडीकाठचा. जन्नतनं जन्मात असं वाक्य उच्चारलं नव्हतं.

घाबरायला हवं होतं. तुम्ही-मी घाबरलो असतो. सबीहाला मात्र इतकं भरून आलं की ती स्क्रीनलाच हात लावून म्हणाली, "सांदण केलंय गो, बाय माजे. नारळाच्या दुधातलं."

शैलजाताईंना तिनं हे दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सॉफ्टवेअरची सगळी पानं उलटली. भाषांच्या यादीत इंग्रजी होती, अरबी होती, फ्रेंच होती, चिनी होती. मराठी नव्हती, आणि कोकणी मुसलमानांची बोली तर कुठल्या यादीत असणार! "तूच बोललेलं ते परत ऐकवत असेल," असं म्हणून त्यांनी विषय संपवला, पण जाताना कॉम्प्युटरकडे एकदा वळून पाहिलं. त्यानंतर सबीहानं त्यांना काही सांगितलं नाही.

कारण आता सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ती पोर गोष्टी मागायची. खाडीची सांग, फूफीची सांग, होडी कशी उलटली ते सांग. कधी दुपारी कॉम्प्युटर बंद असायचा, स्क्रीन काळी, आणि सबीहा भांडी घासत असताना हॉलमधून तीन हाका यायच्या. बरोबर तीन. सबीहा हात पुसत जायची आणि खुर्चीत बसायची. स्क्रीन सुरू करायची गरज तिला वाटेनाशी झाली. एकदा त्या पोरीनं विचारलं, "अम्मी, आत ती दुसरी पोर कोन हाय गो?"

"ती? ती जन्नत."

"मग मी कोन?"

सबीहानं विषय बदलून सांदणाचं बोलणं काढलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. खरी पोर एका भिंतीपलीकडे होती. तिच्या दारावर जाऊन टकटक करायची, बाहेर बोलवायचं, फार तर दोन शिव्या घालायच्या आणि जवळ घ्यायचं. पण तिथं उत्तर काय येईल याची सबीहाला धास्ती होती, आणि इथं काय येईल ते माहीत होतं.

एके दुपारी खोलीचं दार उघडून जन्नत हॉलच्या तोंडाशी उभी राहिली. स्पीकरमधून तिचाच आवाज आईला म्हणत होता, "तुझ्याशिवाय मना कोन हाय गो?" जन्नतचा चेहरा पांढरा पडला.

"हू इज दॅट?"

"तूच," सबीहा ओशाळून म्हणाली. "तू नाय का वाचलंस त्या दिवशी?"

"दॅट्स नॉट मी. अम्मी, डिलीट इट. प्लीज."

सबीहाच्या तोंडून निघून गेलं, "तू बोल माज्याशी. आपल्या भाषेत बोल. मग काढून टाकतंय."

जन्नतचे ओठ हलले. ती काहीतरी बोलायला बघत होती, हे सबीहाला स्पष्ट दिसलं. कळणारे शब्द आणि बोलता येणारे शब्द यांत केवढं अंतर असतं हे सबीहाला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं, ती स्वतः तेच भोगत होती. तरीही ती पोरीच्या मदतीला गेली नाही. जन्नतनं जोरात दार आपटलं. थोड्या वेळानं बाहेरचं दारही वाजलं. खाली नूपुरकडे, शैलजाताईंच्या मुलीकडे, गेली असेल असं सबीहाला वाटलं.

जन्नत खाली गेली नव्हती. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्यावर गच्ची, पाण्याच्या टाक्या, डिश-अँटेना आणि एक लोखंडी दार. दाराला गच्चीच्या बाजूनं कडी नाही, मूठही नाही. वर गेलात की दारात वीट लावून ठेवायची, हे इमारतीतली मोठी माणसं करत. रागानं गेलेल्या पोरीला विटेचं काय भान असणार! दार तिच्या मागं बंद झालं. टॅब घरातच राहिला होता. ऑगस्टातली भर दुपार, आणि पायाखाली तापलेली फरशी.

गच्चीवरून एक अरुंद चिमणी खाली येते, त्यांच्या स्वयंपाकघराच्या जाळीपाशी उघडते. वास बाहेर जावा म्हणून केलेली.

सबीहा कॉम्प्युटरपुढं बसली होती. स्वतःवरच चिडलेली. तेवढ्यात तिला हाक ऐकू आली. लांबून, घोगरी, भिंतीतून आल्यासारखी. "अम्मी!"

ती थांबली. इतक्या वर्षांची सवय.

"अम्मी!"

ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. उठावं असं वाटलं होतं हे तिला नंतर नीट आठवायचं. पण तिसरी हाक आली, आणि ती आली समोरच्या स्पीकरमधून, जवळून, गोड.

"अम्मी?"

"ओ," सबीहा म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. इथंच होती की ही.

"मना होडीची गोष्ट सांग ना गो."

सबीहानं होडीची गोष्ट सांगितली. मग ती मोठी करून सांगितली. पोर मध्ये मध्ये विचारत राहिली, मग काय झालं, मग कोन बुडलं, आणि सबीहाला उठायचं सुचलं नाही. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा ती वजूसाठी स्वयंपाकघरातून मोरीकडे निघाली आणि जाळीजवळ थबकली. वरून गरम वाऱ्याची झुळूक येत होती. त्या दोन हाका कुठून आल्या होत्या, ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

जिने ती कशी चढली हे तिला सांगता येणार नाही. तिच्या किंकाळीनं शैलजाताई खालून धावत आल्या. लोखंडी दार उघडलं तर जन्नत टाकीच्या हातभर सावलीत पडलेली. चेहरा लाल, ओठ फुटलेले, अंगाला हात लावला तर चटका बसावा. श्वास चालू होता. दोघींनी तिला उचलून खाली आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, आणि ॲम्ब्युलन्स आली.

पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, दैव. मुदस्सिर पोर्टवरून तसाच गणवेशात धावत आला आणि खाटेचा गज धरून लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी जन्नतनं डोळे उघडले.

"अम्मी," ती म्हणाली. "अम्मी. अम्मी."

"ओ गो माजे बाय!"

"मना तहान लागली. पानी दे गो."

मुदस्सिर रडता रडता हसला. "ऐकलंस? आपल्या भाषेत बोलली!" सबीहानं पाण्याचा पेला पुढं केला.

"तू वरून हाका मारल्यास त्या ऐकल्या गो मी," सबीहा म्हणाली. माफी मागायला शब्द सापडत नव्हते. "दोनच मारल्यास. तिसरी का नाय मारलीस?"

पोरीनं पाणी संपवलं, ओठ पुसले. "तू ओ दिलीस ना," ती शांतपणे म्हणाली. "जाळीतून म्हनालीस, येतंय गो, हयच बस. मग मी बसले."

सबीहा असं काही म्हणाली नव्हती. पण तिचा आवाज महिनाभर त्या स्पीकरपुढं सांडला होता, भांड्यानं मोजावा इतका, तो कुणी उचलला असेल तर नवल नव्हतं.

घरी आल्यावर सगळं चांगलं झालं. इतकं चांगलं की शेजाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. पोर आईच्या मागं मागं फिरायची. मासे काट्यांतून अलगद सोडवून खायची, सांदण मागून घ्यायची, संध्याकाळी बापाच्या पायाशी बसून त्याच्या गावच्या गप्पा ऐकायची. टॅबला हात लावेना. इंग्रजीत काही विचारलं की नुसती हसायची. नूपुर भेटायला आली आणि गोंधळून परत गेली. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाचा झटका मेंदूपर्यंत पोचला असेल तर भाषेचं असं होतं, येईल हळूहळू. मुदस्सिर म्हणाला, नाही आलं तरी चालेल, मला माझी पोर हाती लागली.

सबीहा बघत होती. पोर हाक मारताना दर वेळी तीनदा मारायची. रागावून दार आपटायची नाही. यू आर सो वीअर्ड म्हणायची नाही. सबीहानं जे जे मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं, आणि रोज दुपारी तिला खोलीच्या बंद दारामागून येणाऱ्या त्या भरधाव, अर्ध्यामुर्ध्या कळणाऱ्या इंग्रजीची आठवण यायची. हे कुणाला सांगणार? पोर मिळाली म्हणून शुकराना पढणाऱ्या नवऱ्याला?

कॉम्प्युटरची वायर तिनं पोर घरी आली त्याच दिवशी काढून टाकली होती. तरी तो घरात नको, निदान त्यातलं ते सगळं पुसून टाकावं, म्हणून एका दुपारी तिनं शैलजाताईंना बोलावलं. वायर परत लावावी लागली. शैलजाताईंनी सेटिंग उघडलं, तळाचं पान काढलं. जोडीदार: जन्नत. काढून टाकायचा? एकदा काढला की परत मिळणार नाही, असं लाल अक्षरांत आलं.

पोर मागं येऊन उभी राहिली होती. "पुसून टाक ना गो, अम्मी," ती म्हणाली.

शैलजाताईंनी माउसवर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी स्पीकरमधून आवाज आला. घोगरा, चिडका, रडवेला.

"अम्मी! ओपन द डोअर!"

शैलजाताईंचं बोट जागीच राहिलं. "हे... हे तिनं वाचलेल्या वाक्यांतलंच असेल," त्या पुटपुटल्या. पण तिनं वाचलेली वाक्यं सबीहाला पाठ होती. त्यात दार नव्हतं. आणि त्या वाचनात पोरीनं जांभया दिल्या होत्या, ती रडली नव्हती.

"अम्मी! इट्स सो हॉट! यू कॅन हिअर मी!"

दोन हाका झाल्या. खाडीकाठच्या शिकवणीनं आता गप्प बसायला हवं होतं. दोनच हाका कोण मारतं हे सबीहाच्या हाडांना ठाऊक होतं. पण तिच्या घरात, तिच्या आयुष्यात, दोन हाका मारून थांबणारं एकच माणूस होतं आणि ते अकरा वर्षांचं होतं.

सबीहानं शैलजाताईंचा हात माउसवरून झटकून टाकला. पुढं झुकली, दोन्ही हातांनी स्क्रीन धरली. जिभेवर आलेली कोकणी तिनं गिळली आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा केलं.

"आय हिअर यू," ती म्हणाली. "अम्मी इज हिअर. डोन्ट क्राय. यू टॉक. यू टॉक फुल डे, आय लिसन."

स्पीकरमध्ये कुणीतरी हुंदका आवरला, आणि मग भरधाव इंग्रजी सुरू झालं. सबीहाला त्यातलं निम्मं समजत होतं.

मागून गोड आवाजात हाक आली, "अम्मी." मग पुन्हा, "अम्मी." आणि नीट थांबून तिसरी.

सबीहानं ओ दिली नाही.